आटे आणि अक्षता

पृथ्वीच्या पाठीवर जे जे उभे आहे ते ते मूलतः भिंतच असून, योग्य जागी योग्य मापाचे एक भोक पडल्यावाचून कोणत्याही भिंतीचा जन्म सार्थकी लागत नाही, अशी अढळ श्रद्धा बाळगणारा पुरुष मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दैवाने तो मला व्याही म्हणून दिला. माझे सारे आयुष्य नांदेडला पाठशाळेत मुलांकडून शब्दांची रूपे घोकून घेण्यात आणि पहाटे गोदावरीच्या घाटावर स्नानसंध्या करण्यात गेले. लोखंडाशी माझा संबंध अडकित्त्यापलीकडे कधी आला नव्हता. आमचे व्याही लातूरच्या एमआयडीसीत स्वतःच्या कारखान्यात स्क्रू तयार करतात. तयार करतात असे म्हटलेले मात्र त्यांना मुळीच खपत नाही. "तयार तर मशीन करतंय इवाई," ते म्हणतात, "मी इचार करतो."

हा स्क्रू म्हणजे सुताराच्या पेटीतला स्क्रू नव्हे. पूर्वी भिंतीत काही अडकवायचे तर लाकडाचा गुटका ठोकीत. पुढे त्याजागी प्लास्टिकचा प्लग आला. व्याह्यांचा स्क्रू दोघांनाही जुमानत नाही. काँक्रीटमध्ये पाडलेल्या उघड्या भोकात तो आपले आटे आपणच कापीत शिरतो आणि त्या आट्यांच्याच आधाराने बसतो. काँक्रीटमध्ये लोखंडाने स्वतःची वाट कापावी हे मला प्रथम अतिशयोक्त वाटले. मी तसे म्हणालो, तेव्हा त्यांनी खिशातून एक स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला. इतरांच्या खिशाला पेन असते तसा त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला कायम एक स्क्रू असतो. त्याच्या टोकाजवळच्या आट्यांना करवतीसारखे बारीक दाते होते. "खिळा भिताडाला मारतंय," ते म्हणाले. "बोल्ट आत जाऊन फुगतंय, अन् भिताडाला आतून चिरडतंय. ह्यो इचारत इचारत आत जातंय." आपल्या अपत्याचा स्वभाव सांगताना बापाच्या चेहऱ्यावर जे तेज येते ते त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर होते.

त्यांची आणि माझी पहिली भेट सोयरीक ठरविण्याच्या निमित्ताने झाली. मुलीचा बाप वराचे घर पाहायला येतो तेव्हा तो माणसे पाहतो, देवघर पाहतो, फार तर पाण्याची सोय विचारतो. हे गृहस्थ दारातून आले ते थेट भिंतीपाशी गेले, बोटाच्या पेराने टकटक करीत त्यांनी बैठकीच्या खोलीला प्रदक्षिणा घातली आणि मधूनमधून भिंतीला कान लावला. आमची मंडळी स्वयंपाकघराच्या दारातून मला हळूच म्हणाली, "अहो, हे स्थळ बघायला आलेत का घर इकत घ्यायला?" चहा थंड होत होता. अखेर ते खुर्चीवर बसले आणि गंभीरपणे म्हणाले, "ईट चांगली हाय. सिमेंटात वाळू जरा जास्त पडली. पर भिताड खोटं बोलत न्हाई इवाई, माणसं बोलत्यात." मुलाला त्यांनी अजून एक प्रश्नही विचारला नव्हता. परंतु त्यांच्या तोंडून 'इवाई', म्हणजे व्याही, हा शब्द निघून गेला होता, आणि आमच्याकडे तो शब्द एकदा निघाला की परत घेता येत नाही. सोयरीक जमली ती अशी.

त्यानंतर त्यांच्या स्नेहाचा जो वर्षाव आमच्या घरावर झाला तो बहुतांशी पोलादी होता. धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवू घालून वाण देण्याची आपली रीत. व्याह्यांनी माझ्या मुलाला तूप सोडलेले धोंडे आग्रहाने वाढले, चांदीचे निरांजन दिले, आणि त्याच तबकात हळदकुंकू लावलेला स्क्रूंचा एक डबाही ठेवला. सून म्हणाली, "बाबा, असं कुणी देतं का?" ते म्हणाले, "चांदी काळी पडती बाई. ह्यो पडत न्हाई."

त्यांच्या लातूरच्या घरी पाहुण्याने कसे वागावे हे शिकायला मला दोन फेऱ्या लागल्या. लोक देवदर्शनाला जाऊन प्रसाद आणतात. व्याही जिथे जातील तिथून खडी आणतात. आपल्या भागातली खडी काळ्या पाषाणाची. ती इतकी कठीण की स्क्रूचे दाते तिच्यावरून जाताना झिजून बोथट होतात, आणि प्रत्येक खाणीतल्या दगडाची खोड निराळी, असे त्यांचे मत. म्हणून बिलोलीला लग्न असो, उमरीला बारसे असो की हिमायतनगरला कुणाचा दहावा असो, परतताना त्यांच्या गाडीत गोणीभर खडी असायची. मग तिचे काँक्रीटचे ठोकळे ओतून, त्यांवर गावाचे नाव रंगवून ते अंगणात मांडलेले असत. त्यांच्याकडे खुर्च्या होत्या, पण बसायला कुणी देत नसे. "या इवाई, बिलोलीवर बसा," असे ते म्हणत, आणि आतल्या बाजूला ओरडत, "अगं, च्या उमरीवर ठेव, हिमायतनगरवर न्हाई, ते अजून ओलं हाय!"

विहीणबाई हे सर्व कोणत्या पुण्याईच्या बळावर सहन करीत असाव्यात याचा मी पुष्कळ विचार केला. पोलाद जास्त कडक केले की स्क्रू मोडतो, कमी केले की झिजतो. या दोहोंच्या मधली नेमकी जागा शोधण्यात व्याह्यांची वर्षे गेली, आणि त्या वर्षांत मोडलेले सगळे स्क्रू गंजू नयेत म्हणून तेलात बुडवून ठेवलेले असत. तेलात बुडवून ठेवायला घरात सोयीचे भांडे एकच, चिनी मातीची बरणी. एकदा जेवायला बसलो असता विहीणबाईंनी लोणच्याची म्हणून बरणी उघडली, चमचा आत घातला आणि खण्ण असा आवाज झाला. "बगा," त्या मला म्हणाल्या, "सवतीनं बरणी बळकावली माझी." व्याही शांतपणे म्हणाले, "ते मोडलेत म्हणूनच ठेवलेत. लोणचं खाऊन संपतंय, ह्यातनं शिकता येतंय."

परंतु या सगळ्या उत्साहाखाली एक आस होती, आणि ती त्यांनी मला एकदाच, अंगणातल्या त्या ठोकळ्यांवर बसून सांगितली. त्यांचे स्क्रू खपत होते. कुणी त्याने खिडकीची चौकट बसवी, कुणी कपाट, कुणी एसीच्या बाहेरच्या यंत्राची चौकट. "पर ह्याच्यावर माणसाचा जीव कुठंच न्हाई ठिवला कुणी," ते म्हणाले. "एक तरी जागा अशी पायजे इवाई, की माणसाचा तोल गेला अन् ह्यानं धरलं." मी त्याच वेळी त्यांच्याशी घाटाविषयी बोललो. आमच्या घाटाच्या पायऱ्या काँक्रीटच्या, शेवाळाने निसरड्या. वृद्धांच्या आधारासाठी मागे एकदा लोखंडी कठडा बसवला होता, पण त्याच्या खांबांचे फुगणारे बोल्ट पायरीच्या अगदी कडेला होते. कडा तडकल्या, खांब डुलू लागले, आणि एका सकाळी कठड्याचा एक तुकडा हाती धरूनच आमचे एक सोबती पाण्यात बसले. सुदैवाने पाणी उथळ होते. तेव्हापासून घाट समिती नव्या कठड्याचा विचार करीत होती. मी हे सांगत असताना व्याही उठून उभे राहिले आणि जणू समिती समोरच बसली आहे अशा थाटात म्हणाले, "कडेला फुगणारं काय घालायचंच न्हाई! कडेला आटेच पायजेत!"

समितीत मी शब्द टाकला. समितीच्या वतीने तांत्रिक बाब पाहणारे एक निवृत्त अभियंते होते. मितभाषी इतके की त्यांच्या मौनालाच लोक होकार किंवा नकार समजत. त्यांनी एकच अट घातली: घाटासारख्याच काँक्रीटमध्ये स्क्रू बसवून, तो ओढून, माझ्या डोळ्यांदेखत दाखवा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी लातूरला कारखान्यात परीक्षा ठरली. व्याह्यांनी घाटाच्या काँक्रीटसारखा मोठा ठोकळा ओतला, त्यात भोके पाडली, प्रत्येक भोकातली धूळ ब्रशाने खरवडून आणि हवा मारून काढली, आणि वर स्वच्छ कापड घालून तो झाकून ठेवला. भोकात धूळ राहिली की स्क्रू पूर्ण बसत नाही. ही गोष्ट त्यांनी मला फोनवर इतक्यांदा सांगितली होती की संध्या करताना पळीतही मला कण दिसू लागला होता.

मी आणि अभियंते सकाळी पोहोचलो. कारखाना झेंडूच्या माळांनी सजला होता. आदल्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमीला यंत्रांची पूजा झालेली. लेथला गंध, ड्रिलला गंध, पान्यांना गंध. परीक्षेच्या ठोकळ्यावरही कुंकवाचे स्वस्तिक आणि फुले होती. ते पाहून मला धन्यता वाटली. ज्या वस्तूवर आपले भवितव्य अवलंबून आहे तिला आधी नमस्कार करावा, ही आपली परंपरा या यंत्रयुगातही टिकून आहे असा विचार मनात आला, आणि मी तो अभियंत्यांना बोलूनही दाखवला. त्यांनी घड्याळाकडे पाहिले.

व्याह्यांनी धोतराची निरी सावरावी तसा पँटचा पट्टा सावरला आणि पहिला स्क्रू लावला. यंत्र घुर्र करीत फिरले, स्क्रू झपझप आत गेला आणि शेवटी, डोके लोखंडी पट्टीला टेकायला बोटभर अंतर राहिले असता, थांबला. यंत्र कण्हले. स्क्रू हलेना. "होतंय असं एकांदं," व्याही म्हणाले आणि दुसरा लावला. तोही बोटभर वर राहिला. तिसरा, चौथा, सगळे स्क्रू वर्गात उभे केलेल्या मुलांसारखे माना वर काढून ठोकळ्यावर ओळीने उभे. कामगारांनी एकमेकांकडे पाहिले. अभियंत्यांनी चष्मा काढून पुसला. व्याह्यांच्या कपाळावर घाम फुटला होता. त्या माणसाच्या डोळ्यांसमोरून सगळी वर्षे उलटी जात आहेत असे मला वाटले, आणि मी मनातल्या मनात कुलदेवतेचे नाव घेतले.

त्यांनी एक स्क्रू उलटा फिरवून बाहेर काढला. आट्यांत पांढरा भुगा भरला होता. काँक्रीटची भुकटी राखाडी असते. हा पिठासारखा होता, आणि त्यात लालसर छटा होती. व्याह्यांनी बोटावर घेऊन तो जिभेला लावला. सगळे पाहत राहिले.

"तांदूळ!" ते म्हणाले. मग घराच्या दिशेने, भिंती हादरतील अशा आवाजात, "अगं एऽऽ!"

घर कारखान्याला लागूनच. विहीणबाई पदर खोचून आल्या. "काय झालं वरडायला? पावणे आलेत."

"ह्या भोकांत काय घातलंस?"

"घालू काय? अक्षता घातल्या. नवमीला समद्या मशिनींची पूजा केली, ह्याची नको व्हय? कापड काढून बघितलं तर एवढी भोकं आ करून बसलेली. देवाला रिकामं भोक कसं दाखवू? चिमूट चिमूट घातलं, वरनं कुंकवाचं पाणी शिंपडलं, अन् बोटानं जरा दाबलं."

"दाबलंस बी?"

"मग? सांडतील न्हाई का!"

कामगारांपैकी कुणीतरी आधी हसले, आणि मग हसू आवरेना. अभियंत्यांच्या ओठांची कड हलली. माझ्या माहितीत ती प्रथमच हलली असावी. "हरकत नाही," ते म्हणाले. "देवाचंच काम आहे. दुसरी भोकं पाडा, साफ करा, मी थांबतो." माझा जीव भांड्यात पडला. परंतु व्याही हसत नव्हते. ते त्या पांढऱ्या पिठाकडे पाहत उभे होते. मग त्यांनी सावकाश मान हलवली आणि म्हणाले, "न्हाई साहेब. नापास लिवा."

"अहो व्याही," मी न राहवून म्हणालो, "हा स्क्रूचा दोष नाही. अशी संधी फिरून येणार नाही."

"घाटावर रोज काय पडतंय इवाई? तुमीच सांगा. अक्षता पडत्यात. फुलं पडत्यात. वाळू, गाळ, राख. मजूर भोक पाडून च्या प्यायला गेला, की तेवढ्यात कुणी आजीबाई पूजा करून जाईल त्याच्यावर. मी भोक साफ करीन, पर नांदेडला माझी भोकं कोण साफ करणार हाय? वर राहिलेल्या स्क्रूचं मजूर काय करतंय? डोकं कापून रंग मारतंय."

"समिती थांबणार नाही," अभियंते म्हणाले.

"न्हाई थांबली तर न्हाई." मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "त्या पायऱ्यावरनं तुमी उतरता ना रोज? मग गप बसा."

मी गप्प बसलो. अभियंत्यांनी वहीत 'नापास' लिहिले आणि वही मिटली. 

पुढचे दिवस त्या घराने पाकशास्त्र आणि यंत्रशास्त्र एकत्र नांदवले. स्क्रूच्या टोकाशी आणखी एक तिरपी खाच हवी, जी वाटेतला कचरा दळून वर उचलील आणि बाजूला सारील, असा व्याह्यांचा निश्चय झाला. खाच खोल झाली की टोक मोडे, उथळ झाली की कचरा अडे. आणि कचरा घालण्याचे काम त्यांनी विहीणबाईंवर सोपवले, कारण त्यांच्याइतके मन लावून भोक भरणारे दुसरे कुणी नाही हे सिद्धच झाले होते. मी एकदा गेलो तेव्हा त्या परातीत धान्य घेऊन ठोकळ्यापुढे पाटावर बसल्या होत्या. "आज काय भरू? जवारी का हरभऱ्याची डाळ?" "डाळ भर. अन् झेंडूच्या पाकळ्या बी." "पाकळ्या ओल्या का वाळलेल्या?" या प्रश्नावर व्याही थबकले. अत्यंत आदराने आपल्या पत्नीकडे पाहून ते म्हणाले, "दोन्ही." नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला कंपनीत आधीच घ्यायला पायजे होतं. एवढी वर्षं नुसती बरणीवरनं भांडलो."

इकडे समितीच्या बैठकीत दुसऱ्या एका कठडेवाल्याचे नाव पुढे आले. मी खाली मान घालून बसलो होतो. तेव्हा ते मितभाषी अभियंते उठले आणि म्हणाले, "मी पुष्कळ ठेकेदार पाहिले. मी पुन्हा संधी देत असताना मला नापास लिहा म्हणणारा हा पहिलाच. याच्यासाठी थांबू." एवढे बोलून ते बसले. समिती थांबली.

दुसरी परीक्षा घाटावरच झाली. भोके पाडल्यावर विहीणबाईंनी स्वतः, समितीसमक्ष, त्यांत अक्षता, फुले आणि नदीची वाळू घालून यथासांग पूजा केली. मंत्र म्हणण्याचा मान मला मिळाला. मग यंत्र फिरले. टोकाच्या खाचेतून पांढरे, पिवळे, राखाडी पीठ वर येत राहिले आणि स्क्रू खाली जात राहिला, डोके पट्टीला टेकेपर्यंत. अभियंत्यांनी जॅक लावला आणि ओढ वाढवीत नेली. स्क्रू निसटला नाही. शेवटी काँक्रीटच फुटले, आणि स्क्रूला बिलगून काँक्रीटचा एक शंकूच्या आकाराचा गोळा उपटून आला. अभियंत्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, व्याह्यांच्या हाती दिला आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मी पाठशाळेत किती शिष्यांचे सत्कार पाहिले. असा पाहिला नाही. तो गोळा आता लातूरच्या घरी काचेच्या कपाटात, आमच्या सुनेला शाळेत मिळालेल्या ढालींच्या शेजारी आहे. आलेल्याला तो दाखवल्याशिवाय पाणी मिळत नाही.

कठडा उभा राहिला. मी समितीत, देवळात, बाजारात, ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना सांगत सुटलो की हे आमच्या व्याह्यांचे काम. मग पावसाळ्यात वरच्या धरणातून पाणी सोडले आणि घाट पाण्याखाली गेला. व्याही मला सारखे फोन करीत. नदीची पातळी विचारीत, माझ्या प्रकृतीची चौकशी मात्र एकदाही केली नाही. पाणी ओसरल्याचे कळताच ते पहिल्या गाडीने आले. पायऱ्यांवर चिखल होता, कठड्याला गवताच्या जुड्या आणि कुणाचे तरी उपरणे अडकले होते. गुडघ्यापर्यंत चिखलात उतरून त्यांनी प्रत्येक खांबाचे बूड हाताने पुसून पाहिले. एकही हलला नव्हता. त्यांनी वर पाहिले तेव्हा त्यांच्या केसांत चिखल होता आणि चेहरा मुंज झालेल्या बटूसारखा उजळला होता. आम्ही दोघेही आता म्हातारे झालो, हे त्या उजेडातच मला प्रथम नीट दिसले.

तेवढ्यात एक वृद्धा कलश घेऊन खाली आली. व्याही कठड्याला हात लावून उभे होते; ऐकायला नवे माणूस मिळाले म्हणताच ते सुरू झाले. आटे, दाते, खाच, काळी खडी, खांब कसा निघणार नाही, निघाला तर पायरीच कशी बरोबर येईल. वृद्धेने थोडा वेळ ऐकून घेतले.

"हाव बाबा," ती म्हणाली, "पर जरा सरक की. मला हात धराया जागा दे."

ते घाईने बाजूला झाले. जिथे त्यांचा हात होता तिथे तिने आपला सुरकुतलेला हात ठेवला, त्यावर सगळा भार टाकला आणि एकेक पायरी उतरत पाण्यापाशी गेली.  तिचा हात कठड्यावरून सरकत जात होता तिकडे व्याही एकटक पाहत होते.

"इवाई," ते हळूच म्हणाले, "धरलं तिनं."

"धरले," मी म्हणालो.

आम्ही दोघे तिथेच ओल्या पायरीवर बसलो. त्या दिवशी माझ्या संध्येची वेळ टळून गेली, आणि त्याचे मला वाईट वाटले नाही.